भोकाला पार्ट नंबर नसतो

‘टॅपेट वाजतायत’ हे वाक्य इंजिनाशी संबंध आलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी बोललेला असतो. मग वरचं झाकण उघडायचं, रॉकरच्या टोकाखाली फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची, स्क्रू थोडा पिळायचा, नट आवळायचा. याला आम्ही ‘टॅपेट सेट करणं’ म्हणतो. गंमत अशी की या सगळ्या खटाटोपात टॅपेटला कुणी हातही लावत नाही. तो तिथे नसतोच. तो खाली ब्लॉकच्या पोटात, कॅमशाफ्टच्या डोक्यावर उभा असतो आणि वरून दिसतो तो फक्त त्याने उचललेला पुशरॉड, एक साधी दांडी. नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि तोंड कुणी पाहिलेलं नाही, असा हा प्राणी.

तो ज्या भोकात राहतो त्याची तर एवढीही दखल घेतली जात नाही. पुस्तकात त्याला टॅपेट बोअर म्हणतात. आम्ही नुसतं भोक म्हणतो.

काम म्हणाल तर अगदी साधं. कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर कॅम १००० घेतो, म्हणजे प्रत्येक टॅपेट मिनिटाला हजार वेळा वर जातो आणि हजार वेळा खाली येतो. तासाला साठ हजार. १०,००० तास त्या वेगाने चाललेल्या इंजिनात हा आकडा साठ कोटींवर जातो. साठ कोटी वेळा एक दंडगोल एका भोकात तेलाच्या पापुद्र्यावरून घसरत वर-खाली झाला. तरीही इंजिन खोललं की आम्ही पिस्टन बघतो, लायनर बघतो, बेअरिंगवर नख फिरवून बघतो, आणि भोकाकडे ढुंकूनही बघत नाही. कारण सरळ आहे. जे हलतं त्याच्यावर संशय जातो. जे जागच्या जागी बसलंय ते आपण निर्दोष धरून चालतो.

मीही धरलं होतं.

शिकाऊपण नुकतंच संपलं होतं आणि पहिल्यांदाच एक इंजिन पूर्णपणे माझ्या हाती दिलं होतं. चार सिलिंडरचं डिझेल, आठ टॅपेट. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा कॅम लोब झिजून बसका झाला होता. मी कॅमशाफ्ट नवा आणला, आठही टॅपेट नवे आणले. ब्लॉक धुतला, टॅपेटना तेल लावलं आणि एकेक भोकात सोडला. सगळे सुळकन खाली गेले. ते ‘सुळकन’ मला त्या दिवशी फार आवडलं. नवा माल, काय छान सरकतोय! दोनशे तास व्हायच्या आत इंजिन परत आलं. तोच सिलिंडर, तोच लोब. नाक पार घासून गेलेलं, टॅपेटच्या तळाला वाटीसारखा खळगा, आणि ऑइल पॅनमध्ये चांदीच्या रंगाचा गाळ.

उस्ताद रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. त्यांनी नव्या टॅपेटांमधला एक पुसला, त्या भोकात घातला, वरून दोन बोटांत धरला आणि आडवा हलवला. टक्. टक्.

“ऐकू आलं?”

“हो.”

“आधी का नाही ऐकलंस?”

“टॅपेट नवे होते, उस्ताद.”

“टॅपेट नवे होते रे. भोक कुठे नवं होतं?”

पुढे काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की हा नुसता टोमणा नव्हता. पार्ट बुकात कॅमशाफ्टला नंबर असतो, टॅपेटला असतो, अगदी कॅमचं टोक झाकणाऱ्या डबीलाही असतो. भोकाला नसतो. ते विकत मिळत नाही. मिळालं तर आख्ख्या ब्लॉकसकटच मिळतं. म्हणून ते बदलायच्या यादीत येत नाही, आणि जे यादीत येत नाही ते डोळ्यांना दिसत नाही.

आता भोक सैल झालं तर कॅमचा लोब का मरतो, हे नीट सांगायला हवं, कारण या गोष्टीतली खरी करामत तिथेच आहे. चपट्या तळाचा टॅपेट म्हणतात तो चपटा नसतो. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर दोन नवे टॅपेट घ्या, स्वच्छ पुसा आणि तळाला तळ लावून एकावर एक उभे करा. वरचा किंचित डुलतो. तळ मध्यभागी कडेपेक्षा काही शतांश मिलिमीटर फुगीर घासलेला असतो, इतका थोडा की बोटाला कळत नाही, पण दोघांची फुगी एकमेकांना भिडली की कळते. आता त्याच जातीचे दोन जुने, झिजलेले टॅपेट तसेच लावून उजेडाकडे धरा. डुलणं संपलेलं असतं. फारच खराब असतील तर मधल्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसते. कडा टेकल्यात, पोट आत गेलंय. मी अजूनही ही परीक्षा मायक्रोमीटरच्या आधी करतो. पाच सेकंद लागतात.

त्या फुगीला साथ कॅमची. लोबही सरळ दंडगोल नसतो, त्याला एका बाजूला अगदी नखभर उतार दिलेला असतो, आणि लोबचा मध्य टॅपेटच्या मध्यापासून जरा सरकवून ठेवलेला असतो. म्हणजे लोब टॅपेटच्या तळावर बरोबर मध्यात टेकत नाही, थोडा बाजूला टेकतो. बाजूला टेकला की प्रत्येक फेरीत तो टॅपेटला उचलतोही आणि थोडा फिरवतोही. टॅपेट आपल्या भोकात हळूहळू गोल फिरत राहतो. आज तळाचा हा भाग घासला, पुढच्या क्षणी शेजारचा. झीज सगळ्या तळावर वाटली जाते आणि दर वेळी नव्या जागी ताजं तेल असतं. ज्याला चपटा म्हणतात तो फुगीर, ज्याला सरळ म्हणतात तो उतरता, ज्याला मध्यावर समजतात तो सरकलेला. तीन ठिकाणी मुद्दाम केलेला हा वाकडेपणा मिळून टॅपेट फिरतो. रोलर टॅपेटचं गणित उलटं. तो फिरला तर रोलर लोबला आडवा होईल, म्हणून त्याला फिरू न देण्याची सोय करावी लागते. पण तो विषय इथे नको.

हे सगळं एका अटीवर चालतं. टॅपेट ताठ उभा राहिला पाहिजे. भोक खाली रुंदावलं की टॅपेट कलतो. कलला की फुगीर पोटाऐवजी तळाची कड लोबवर टेकते, फिरणं मंदावतं, मग थांबतं. थांबलेल्या टॅपेटच्या तळावर लोब एकाच रेघेवर घासत राहतो. दोन वक्र पृष्ठं एकमेकांवर दाबली की किती लहान जागेत किती मोठा दाब तयार होतो, याचं गणित हाइनरिख हर्ट्झने मांडलं. लहरींच्या वारंवारतेच्या एककाला ज्याचं नाव दिलंय तोच हा हर्ट्झ. त्याचा तो निबंध १८८२ साली छापून आला. कॅम आणि टॅपेटच्या धंद्यात आजही तेच गणित वापरलं जातं. टेकण्याची जागा थोडी आक्रसली की दाब भरमसाट चढतो, आणि टॅपेटच्या तळाचं कडक केलेलं बीडही (बीड म्हणजे ओतीव लोखंड) तो फार दिवस सोसत नाही. आधी बारीक खड्डे पडतात, मग पापुद्रे सुटतात, मग जे होतं ते मी त्या ऑइल पॅनमध्ये पाहिलं होतं.

आता माझ्यासमोर टेबलावर असलेल्या ब्लॉकविषयी. हाही चार सिलिंडरचाच, टॅपेट वरून काढता येणारा. हे आधीच पाहून घ्यावं लागतं, कारण काही इंजिनांत टॅपेटचा तळ छत्रीसारखा रुंद असतो आणि तो फक्त खालूनच निघतो. अशा इंजिनात कॅमशाफ्ट ओढण्याआधी टॅपेट वर धरून ठेवावे लागतात किंवा ब्लॉक उलटा करावा लागतो. नाहीतर ते खाली पडून कॅमच्या वाटेत अडकतात आणि शाफ्ट ना पुढे येत ना मागे जात. एकदा अडकवून बघितलंय. दुसऱ्यांदा अडकत नाही.

वरून निघणारे टॅपेटही सहज निघतात असं नाही. भोकाच्या वरच्या भागात, जिथे टॅपेट कधी पोचत नाही, तिथे जळक्या तेलाचा लाखेसारखा तपकिरी थर जमतो. त्याला द्रावण लावून तासभर धीर धरायचा. पकडीने ओढला तर तळाची बोथटलेली कड सगळ्या भोकावर उभा ओरखडा मारत वर येते, आणि जे भोक चांगलं होतं ते आपणच खराब करतो. निघालेले टॅपेट लाकडाच्या फळीत पाडलेल्या आठ घरांत नंबराने ठेवायचे. जुना टॅपेट परत वापरायचा असेल तर तो आपल्याच भोकात आणि आपल्याच लोबवर गेला पाहिजे. शेजाऱ्याच्या लोबवर गेला की दोघांचंही नुकसान. आणि नव्या कॅमवर जुना टॅपेट तर कधीच नाही.

फळीवर आठ तळ वर करून ठेवले की निम्मं निदान तिथेच होतं. पाच तळांवर गोल, एकात एक वर्तुळं दिसत होती. हे फिरत होते. दोनांवर वर्तुळं होती पण एका अंगाला झुकलेली. आणि सहावा, म्हणजे पुन्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट (हा निव्वळ योगायोग, त्या जागेशी माझं काही वैर नाही), त्याच्या तळावर आरपार एक सरळ पट्टा, जणू कुणी कानशीने ओढलेला. हा किती तरी दिवस थांबलेला होता.

मग भोकाची पाळी. ब्लॉक गरम टाकीतून निघाला, तेलाच्या गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढून ब्रश फिरवला, आणि रात्रभर तो मोजायच्या हत्यारांसोबत एकाच खोलीत राहिला. जगभरात मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेलं आहे. खोली नेमकी तेवढी नसली तरी ब्लॉक, टॅपेट आणि गेज यांचं आपसांत एकमत हवं. बीड अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक दहा अंशांनी गरम असेल तर जेमतेम पावणेतीन मायक्रॉनचा फरक. तो मी सोडून देईन. पण धुऊन आलेल्या गरम ब्लॉकमध्ये घाईने गेज घालणारा माणूस बाकी कशातही घाई करतो, हा माझा अनुभव आहे.

मोजायच्या आधी बोट. करंगळी तेलात बुडवून भोकात घालायची आणि खालच्या तोंडाशी हळूच फिरवायची. चांगल्या भोकात बोट सगळीकडे सारखंच लागतं. या सहाव्या भोकात खाली गेल्यावर कॅमच्या आडव्या दिशेला बोट एकदम मोकळं झालं, अंधारात पायरी चुकल्यासारखं. लोब टॅपेटच्या तळावरून कॅमच्या अक्षाला काटकोनात घासत जातो, त्यामुळे टॅपेटला ढकलणारं बळ त्याच दिशेला लागतं. म्हणून भोक सगळीकडून सारखं मोठं होत नाही, त्या दिशेला लांबटतं. वर एका बाजूला, खाली समोरच्या बाजूला, आणि खालचं तोंड नरसाळ्यासारखं.

बोटाने सांगितलेलं कागदावर आणायला बोअर गेज. वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर दोन दिशा, एक कॅमच्या रेषेत आणि एक आडवी. भोकामागे सहा आकडे, आठ भोकांचे अठ्ठेचाळीस. इथे हत्याराचीही एक खोड लक्षात ठेवावी लागते. दोन टोकांवर टेकणारा गेज लांबटपणा पकडतो, पण तीन कोपऱ्यांचा फुगवटा त्याला दिसतच नाही. तो फिरवला तरी तोच आकडा दाखवतो. तीन टोकांवर टेकणाऱ्याचं नेमकं उलट. टॅपेटच्या भोकात दोष बहुतेक लांबटपणाचाच असतो, म्हणून मी दोन टोकांचा घेतो. महागडा तीन टोकांचा गेज घेऊन लंबगोल भोकाला ‘एकदम ओके’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

मॅन्युअलप्रमाणे या ब्लॉकचं नवं भोक २५.०० ते २५.०२, आणि टॅपेट व भोक यांच्यातली फट जास्तीत जास्त ०.१० मिलिमीटर. जुन्या लोकांच्या हिशेबात चार थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अडीच शतांश मिलिमीटरहून किंचित जास्त. सगळी मॅन्युअलं मेट्रिक झाली तरी आमच्या तोंडातून थाऊ गेलेला नाही. आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो आणि थाऊमध्ये हळहळतो. तीन भोकांची फट ०.०६ ते ०.०७ निघाली. एकाची ०.०९. चार भोकं मर्यादेच्या बाहेर, आणि त्यांतलं सहावं खालच्या तोंडाशी आडव्या दिशेला ०.१७. पण त्याच भोकाचा वरचा, कॅमच्या रेषेतला आकडा ०.०७ होता. म्हणजे कुणी घाईत वरूनच एकदा गेज टेकवला असता तर हे भोक पास झालं असतं. माझ्या पहिल्या इंजिनात मी तेवढंही केलं नव्हतं.

तडे पाहायचे ते याच वेळी. बीड चुंबकाला धरतं, त्यामुळे चुंबकीय पावडरची तपासणी इथे चांगली चालते. टॅपेटचा तुकडा पडून लोबखाली अडकला असेल तर भोकाच्या खालच्या काठाचा टवका उडतो आणि तिथून तडा वर चढू शकतो. काठापुरता असेल तर स्लीव्ह, म्हणजे भोकात बसवलेली नळी, त्याला पोटात घेते. तो कॅम बेअरिंगच्या भिंतीत शिरला असेल तर मी तो ब्लॉक हाती घेत नाही. या ब्लॉकला तडा नव्हता.

मग करायचं काय? ओरखडे वरवरचे असतील तर लवचिक ब्रशसारखा होन, म्हणजे आतून घासणारं हत्यार, दोन-चार वेळा फिरवला की काम होतं. पण त्याने पृष्ठभाग साफ होतो, आकार सुधारत नाही. लांबट भोकात होन फिरवलं तर चकचकीत लांबट भोक मिळतं. काही इंजिनांना कारखानाच ओव्हरसाइज टॅपेट पुरवतो. भोक रीमरने, म्हणजे भोक मापात रुंदावणाऱ्या हत्याराने, तेवढं मोठं केलं की झालं. या इंजिनाला ती सोय नाही. उरली स्लीव्ह.

रीमरबद्दल मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण निम्म्या चुका त्याच्या भरवशावर होतात. रीमर फार आज्ञाधारक असतो. असलेल्या भोकामागे तो निमूट जातो. भोक वाकडं झालं असेल तर तोही वाकडा जातो आणि गुळगुळीत, मापात, वाकडं भोक देतो. एकाच धारेचं बोरिंग टूल हट्टी. त्याला जुन्या भोकाची पर्वा नसते, यंत्राचा स्पिंडल सांगेल तिथेच ते कापतं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, चालेल, पण मध्य आपला. सरकलेलं भोक परत जागेवर आणायचं तर हट्टी माणूसच लागतो.

पण तो मध्य कुठला? झिजलेल्या भोकाला विचारून उपयोग नाही, ते झिजलेल्या बाजूला ओढून सांगतं. मी कॅमच्या बेअरिंगमध्ये घट्ट बसणारा सरळ बार घालतो आणि ब्लॉक यंत्रावर त्या बारच्या आधाराने लावतो. भोक त्या रेषेला काटकोनात हवं, आणि लोबपासून मुद्दाम ठेवलेला तो थोडासा सरकलेपणाही कायम राहायला हवा. ज्या तीन भोकांची झीज कमी आहे त्यांच्या वरच्या, न घासलेल्या पट्ट्यावर डायल फिरवून एकमेकांतलं अंतर पडताळून घ्यायचं. या मांडणीला माझी अख्खी सकाळ गेली. कापायला भोकामागे दहा मिनिटं पुरली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस सकाळभर चहाची वाट बघत ब्लॉकभोवती फिरतोय.

०.०९ वाल्या भोकाचं काय करायचं यावर मी बराच घुटमळलो. मॅन्युअल त्याला पास करतं. पण आज जे ०.०९ आहे ते काही काळात ०.१० होणार, आणि तेव्हा पुन्हा ही मांडणी कोण करणार? यंत्र लावलेलंच आहे. शेवटी चाराची पाच केली. जे चांगल्या स्थितीत आहे त्याला उगाच हात लावू नये हेही मला पटतं, म्हणून उरलेल्या तिघांना फक्त साफ केलं.

पाचही भोकं २९ मिलिमीटरला बोर केली, म्हणजे स्लीव्हची भिंत साधारण दोन मिलिमीटर. त्याआधी भोकाभोवतीचं बीड तेवढं जाड आहे ना, हे खालून आणि वरून पाहून घेतलं होतं. स्लीव्ह बीडाचीच घेतली. ब्राँझच्याही करतात आणि त्या घसरायला छान असतात, पण ब्राँझ बीडापेक्षा दीडपटीहून जास्त फुगतं. बाहेरून बीडाने आवळलेलं असल्यामुळे गरम झालं की ते आतल्या बाजूला येतं, आणि थंडपणी दिलेली फट गरमपणी कमी होते. त्याचा हिशेब करून थोडी जास्त फट देता येते. मला मात्र तो हिशेब त्या इंजिनाच्या पुढच्या मिस्त्रीवर सोडायचा नव्हता. बीडात बीड, दोघं सोबत वाढतील, सोबत आखडतील.

स्लीव्ह भोकापेक्षा चार शतांश मिलिमीटर मोठी. बसवताना हातोडा नाही. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि नट, एवढ्यावर ती खेचून घ्यायची. पहिल्या पाव इंचात ती सरळ लागली तर पुढे सरळच जाते. तिरकी लागल्याचं पान्याला लगेच कळतं, कारण पाना जड होण्याऐवजी दचके देतो. एक स्लीव्ह मी अशी परत काढली. खालचं तोंड ब्लॉकच्या काठाशी बरोबर मिळवलं, कारण तिथे एक मिलिमीटरही बाहेर राहिला तर लोबचं नाक त्याच्यावर आपटेल. या ब्लॉकला भोकाच्या भिंतीत तेलाचं बारीक छिद्र येतं. स्लीव्ह बसली की ते बुजतं. ते पुन्हा पाडायचं राहिलं तर बाकीचं सगळं काम पाण्यात. मी प्रत्येक भोकाशेजारी खडूने गोल काढून ठेवला होता, आणि छिद्र पाडल्यावरच तो पुसायचा असा स्वतःशी नियम केला होता.

दाबात बसलेल्या स्लीव्हचं आतलं माप आकसतं, म्हणून आतून आधीच पक्क्या मापाची स्लीव्ह करून ठेवणं म्हणजे भाबडेपणा. आत दोन दशांश मिलिमीटर माल राखून ठेवला होता. तो त्याच मांडणीवर बोर केला, शेवटचे दोन शतांश होनसाठी ठेवले. बीड कापताना तेल लागत नाही. त्याच्यातल्या ग्राफाइटच्या पापड्याच वंगण होतात, फक्त काळी भुकटी उडते आणि दोन दिवस नाक शिंकरलं की ती रुमालावर उतरते.

होनने मात्र मी आकड्यापर्यंत जात नाही, टॅपेटपर्यंत जातो. प्रत्येक भोकाला त्याचा टॅपेट आधी नेमून दिलेला असतो. थोडं घासायचं, धुवायचं, पुसायचं, टॅपेटला पातळ तेल लावून भोकाच्या तोंडाशी सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. घट्ट असेल तर जागीच राहतो. सैल असेल तर सुळकन जातो, माझ्या तरुणपणीसारखा. बरोबर असेल तर स्वतःच्याच वजनाने, तेलाला बाजूला सारत, सावकाश उतरतो, आणि मध्येच बोटाने फिरवला तर कुठे न अडखळता फिरतो. वजनाने उतरणाऱ्या वस्तूवर विसंबणं हे गावठी वाटेल, पण जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारं जे यंत्र १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात केलं, त्यातही निर्णय असाच व्हायचा. दोन पृष्ठांच्या मध्ये एक छोटी चकती धरलेली असायची आणि पकड नावापुरती ढिली झाली की ती आपल्या वजनाने खाली यायची. त्यामुळे मी हे शास्त्रच म्हणतो. गेजने पुन्हा तपासलं तेव्हा पाचही भोकांची फट ०.०३५ ते ०.०४५ मध्ये होती.

मग धुणं. होनची रेती द्रावणाने जात नाही, नुसती पसरते. साबण, गरम पाणी, ताठ ब्रश आणि पांढरं फडकं. फडकं भोकात पिळून काढायचं आणि बघायचं. राखाडी आलं की परत धुवायचं. या पाच भोकांना चार वेळा धुतलं. पाचव्यांदा फडकं जसं गेलं तसं आलं, आणि लगेच तेल मारलं, कारण उघडं बीड पाणी सुकायच्या आत तांबूस होऊ लागतं.

कॅमशाफ्ट नवा, टॅपेट आठही नवे. लोबवर आणि तळांवर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट. नवा कॅम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याला आयडलवर सोडायचं नसतं, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना उलटं वाटतं. त्यांना वाटतं नवं आहे, हळू चालवा. पण मंद वेगात क्रँकवरून उडणारं तेल कॅमपर्यंत नीट पोचत नाही, आणि लोबच्या नाकावरचा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा भार तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. वेग वाढला की टॅपेट आणि पुशरॉडच्या जडत्वामुळे तो भार थोडा हलका होतो. म्हणून आधी डिझेल लाइनची एअर नीट काढून घेतली, म्हणजे नुसता स्टार्टर मारत बसायला नको, आणि इंजिन लागताच सरळ १८०० वर नेलं. वीस-पंचवीस मिनिटं, वेग थोडा वर-खाली करत.

रॉकरचं झाकण मी मुद्दाम लावलं नव्हतं. आठही पुशरॉडवर आधीच पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता. टॅपेट फिरला तर त्याच्यावर बसलेला पुशरॉडही फिरतो, आणि बंद ब्लॉकच्या आतलं एवढं एकच वर्तमान बाहेर येतं. तेलाचे शिंतोडे चष्म्यावर उडत होते. पहिला ठिपका माझ्या बाजूला आला, पलीकडे गेला, परत आला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याकडे मी शेवटी बघायचं ठरवलं होतं, म्हणून आधी सातवा आणि आठवा बघितला. सहाव्याचा ठिपका दिसेना. इंजिन तसंच चालू ठेवून मी चष्मा पुसला, टॉर्च जवळ धरला आणि थांबलो. थोड्या वेळाने पुशरॉडच्या पलीकडच्या अंगाने पांढरा ठिपका हळूच कडेला आला. बाकीच्यांपेक्षा सावकाश, पण फिरत होता.